क्लाउड घेणाऱ्याला सोडण्याच्या अटीही दिसू द्या

प्रति,
सचिव, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
इलेक्ट्रॉनिक्स निकेतन, सीजीओ संकुल, लोधी रोड, नवी दिल्ली

विषय: लघुउद्योगांना विकल्या जाणाऱ्या क्लाउड सेवांसाठी एकसारखे माहितीपत्रक सक्तीचे करण्याबाबत



जुलै २०२५ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयात एक असाधारण याचिका दाखल झाली. याचिका करणारी नायरा एनर्जी ही कंपनी गुजरातमध्ये वाडीनारला वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवते. देशभर तिचे साडेसहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप आहेत. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना अचानक स्वतःचे ईमेल उघडेनात. १८ जुलैला युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांच्या अठराव्या टप्प्यात नायराला ओढले होते, कारण रशियाच्या रोसनेफ्टकडे तिची ४९.१३ टक्के मालकी आहे. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत आणि अडकलेली माहिती आमचीच आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकी कंपनीची, ग्राहक भारतातला, आणि भारताच्या कायद्यात मात्र या व्यवहाराला कोणतीही मनाई नव्हती. नायराने मधल्या काळात मुंबईच्या रेडिफची ईमेल सेवा घेतली, वकील उभे केले आणि ३० जुलैला मायक्रोसॉफ्टची सेवा पूर्ववत झाली.

नायराला वकील परवडले. ओखल्यातल्या पॅकेजिंग कारखान्याला, नारायणातल्या छापखान्याला, मानेसरला वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या दहा-पंधरा जणांच्या युनिटला ते परवडणार नाहीत. त्यांचे ईमेल, हिशेब, जीएसटीची बिले, गिऱ्हाइकांच्या याद्या, पगारपत्रके आज भाड्याच्या सर्व्हरवर आहेत. त्यांतली एखादी सेवा उद्या बंद पडली, महागली किंवा गिळंकृत झाली तर काय करायचे, याचे उत्तर त्यांतल्या फार थोड्यांकडे आहे. हे पत्र त्यांच्यासाठी आहे, आणि ते आपल्या मंत्रालयाला लिहिले आहे, कारण हे उत्तर मंत्रालयाच्या कपाटात आधीपासून तयार आहे.

दिल्लीच्या व्यापाऱ्याला खरेदी करता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. नेहरू प्लेसला संगणक घेताना तो कॅबिनेट उघडून आतला रॅम बघतो, तीन दुकानांत भाव विचारतो, गॅरंटीचा कागद हातात पडल्याशिवाय पैसे सोडत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून येऊन करोलबाग आणि चांदणी चौकात गलाईचा व्यवसाय करणारी मराठी माणसे तर समोर आलेले सोने कसाला लावल्याशिवाय बोलतच नाहीत. क्लाउडच्या बाबतीत मात्र कस लावायला दगडच मिळत नाही. वेबसाइटवर तीन रकाने असतात, मधल्या रकान्यावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ असा शिक्का असतो, महिनाभर फुकट वापर असतो आणि खाली ‘अटी मान्य’ म्हणून टिचकी मारायची जागा असते. ज्या अटींवर धंद्याचे भवितव्य ठरते त्या चाळीस पानांच्या इंग्रजी करारात असतात, आणि त्याही प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या मांडणीत. दोन करार शेजारी ठेवून तुलना करणे सीएलाही अवघड जाते.

आधी दराचा प्रश्न घेऊ. मोठ्या परदेशी सेवांचे मूळ दर डॉलरमध्ये ठरतात. ॲमेझॉनच्या भारतीय क्लाउड कंपनीचे बिल रुपयांत मिळते, तिचा पत्ताही नेहरू प्लेसचाच राहिला आहे. पण दर डॉलरलाच बांधलेला. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. म्हणजे डॉलरमधला दर एका सेंटने न वाढताही रुपयांतला खर्च तिसऱ्या हिश्शाने वाढतो. ज्याचा माल रुपयांत विकला जातो त्या कारखानदाराने ही वाढ कुठून भरून काढायची? शिवाय फुकटची सेवा कायम फुकट राहील असेही नाही. गूगलने २००६ पासून छोट्या संस्थांना स्वतःच्या नावाचे ईमेल मोफत दिले, २०१२ च्या अखेरीस नव्या ग्राहकांसाठी ते बंद केले आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरा असे कळवले. घरगुती वापराला पुढे सूट मिळाली, धंद्यांना मिळाली नाही. सोळा वर्षांचा पत्रव्यवहार एका ठिकाणी साठल्यावर हलायचे कसे, म्हणून अनेकांनी मुकाट्याने पैसे भरायला सुरुवात केली.

दुसरा प्रश्न सेवा बंद पडण्याचा.

‘९९.९ टक्के उपलब्धता’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असते. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. जीएसटी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या संध्याकाळी ते साडेतीन तास आले तर त्याची भरपाई काय? बहुतेक करारांत ती पुढच्या बिलातली सवलत असते. महिन्याला २० हजार रुपये भरणाऱ्या ग्राहकाला दहा टक्के सवलत म्हणजे दोन हजार रुपये, तीही त्याने मुदतीत मागितली तर. बुडालेली ऑर्डर, लागलेला दंड, परत गेलेला ट्रक यांचा त्यात हिशेब नाही.

बंद पडणे हे काही कल्पनेतले संकट नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ऑनलाइन पाठवलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. गुरुग्राममध्ये मुख्यालय असलेल्या इंडिगोला जवळपास दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली आणि प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. २० ऑक्टोबर २०२५ ला, दिल्लीत दिवाळीच्या दुपारी, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या विभागात पत्ते शोधणारी डीएनएस यंत्रणा बिघडली आणि जगभरातल्या असंख्य सेवा ठप्प झाल्या. आपले बिलिंगचे सॉफ्टवेअर भारतीय आहे असे समजणाऱ्या दुकानदाराला त्याच्या पोटात कोणाचा सर्व्हर आहे हे ठाऊकच नसते. विक्रेत्यावर ते सांगण्याचे बंधनही नाही.

तिसरा प्रश्न बॅकअपचा, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज मोठ्या मोठ्या संस्थांना भोवला आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत १० मार्च २०२१ च्या रात्री जळून गेली, तेव्हा वेगळा बॅकअप न घेतलेल्या ग्राहकांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. याउलट ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे मे २०२४ मधले उदाहरण पाहा. गूगल क्लाउडमधल्या चुकीच्या मांडणीमुळे त्याचे खातेच पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपली शिल्लक दिसेना. निधी वाचला, कारण त्याने दुसऱ्याच कंपनीकडे एक प्रत ठेवली होती. ही शहाणपणाची सवय ओखल्याच्या कारखानदाराला कोण शिकवणार?

काही जण यावर म्हणतील की मग सर्व्हर आपल्याच कार्यालयात ठेवावा. दिल्लीने त्याचाही अनुभव घेतला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात दोन आठवडे केसपेपर हाताने लिहिले गेले. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले. छोट्या कारखान्याच्या माळ्यावरच्या सर्व्हरची अवस्था याहून चांगली असण्याचे कारण नाही. राजधानी परिसरात मे-जूनची ४५ अंशांची उष्णता असते, वीज जाते, आणि हिवाळ्यात प्रदूषण वाढले की ग्रॅप या प्रदूषण-नियंत्रण आराखड्याखाली डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. इथल्या बहुतेक लहान धंद्यांसाठी क्लाउड हाच शहाणा पर्याय आहे. म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून निवडता यायला हवा.

चौथा प्रश्न कायद्याचा. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना आपल्या संगणकीय हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक्स निकेतनमधूनच चालणाऱ्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवा आणि यंत्रणेच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपा असे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. गिऱ्हाइकांची माहिती क्लाउड कंपनीकडून फुटली तरी कायद्यापुढे उत्तर द्यायचे आहे ते ती माहिती गोळा करणाऱ्या धंद्याने, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सरकारने जबाबदारी ग्राहकावर टाकली, ती योग्यच आहे. पण ती पेलण्यासाठी विक्रेत्याकडून जी माहिती हवी ती मिळण्याची सोय केली नाही. लॉग किती दिवस राहतात, बॅकअप कोणत्या शहरात आहे, घटना घडल्यावर विक्रेता किती तासांत कळवेल, हे स्वस्त योजनेच्या पानावर कुठेही लिहिलेले नसते. तक्रार करायची तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला सहसा दार उघडत नाही. उरते दिवाणी न्यायालय, आणि करारात पुष्कळदा लवादाची किंवा परदेशातल्या न्यायक्षेत्राची अट.

या चारही प्रश्नांच्या मुळाशी पाचवा आहे: सोडून जाता येईल का? सेवा महागली तर सोडता यावी, बंद पडू लागली तर सोडता यावी, कायदा पाळत नसेल तर सोडता यावी. ज्याला सोडता येते त्याच्याशीच विक्रेता नीट वागतो. पण माहिती आत टाकणे फुकट आणि बाहेर काढणे विकत, अशी या बाजाराची रीत आहे. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया विभागातून इंटरनेटवर बाहेर जाणाऱ्या माहितीचा जाहीर दर जीबीला ९ सेंट आहे. मुंबईतून तो जवळपास ११. युरोपने डेटा कायदा केला, तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि १२ जानेवारी २०२७ नंतर तिथे सेवा बदलण्याचे शुल्कच आकारता येणार नाही. त्या कायद्याची चाहूल लागताच २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केले. नियम आला की बाजार बदलतो, याचा हा ताजा पुरावा आहे. शिवाय शुल्क हा अर्धाच भाग. हिशेबाच्या किंवा गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या ऑनलाइन साधनातून माहिती कोणत्या स्वरूपात बाहेर येते, जोडलेली कागदपत्रे सोबत येतात का, जुन्या फेरफारांचा इतिहास येतो की नुसती आकड्यांची एक्सेल, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

स्वदेशी सेवांचा आग्रह सध्या जोरात आहे आणि तो स्वागतार्ह आहे. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल चेन्नईच्या झोहोच्या यंत्रणेवर गेले आहे. नाशिकमधून उभी राहिलेली ईएसडीएस, दिल्लीची ई२ई नेटवर्क्स, पनवेलनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्रेटर नोएडात डेटा सेंटर उघडणारी योटा, ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. नायराच्या प्रकरणाने दाखवले की माहिती कोणत्या देशात साठवली आहे याच्याइतकेच ती बंद करण्याचा अधिकार कोणत्या देशाच्या हुकुमाखाली आहे हेही महत्त्वाचे असते, आणि इथे भारतीय कंपनीचे पारडे जड आहे. तरीही आग भारतीय इमारतीलाही लागते, दर भारतीय कंपनीही वाढवते. स्वदेशी सेवेला तोच कस लावला आणि ती उतरली, तर त्यासारखी दुसरी जाहिरात नाही.

आता मंत्रालयाच्या कपाटाविषयी. सरकारने स्वतःसाठी क्लाउड घेताना ही सगळी काळजी घेतली आहे. सरकारी माहिती तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या एनआयसीचा मेघराज हा क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. खासगी क्लाउड कंपन्यांना सरकारी कामासाठी यादीत यायचे असेल तर मंत्रालयाच्या एसटीक्यूसी या तपासणी संस्थेकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, माहिती भारतातच ठेवावी लागते. मंत्रालयाने विभागांसाठी क्लाउड खरेदीची मार्गदर्शक तत्त्वे, सेवा-पातळीच्या अटी आणि कराराचे नमुने तयार केले, आणि त्यांत सेवा संपवताना माहिती कशी परत करायची याचीही कलमे आहेत. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये राज्यांमधले पहिले पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केले, तेही सरकारी विभागांसाठीच. सचिवालयातल्या कारकुनाच्या फायलीला जे संरक्षण मिळते ते मानेसरच्या कारखानदाराच्या हिशेबवहीला का मिळू नये?

त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ सक्तीचे केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा खरा वार्षिक खर्च, सगळी शुल्के आणि तक्रार कुठे करायची हे ठरावीक नमुन्यात कर्जदाराच्या हाती द्यावे लागते. नमुना एकच असल्याने दोन बँकांची तुलना पाच मिनिटांत होते. क्लाउड आणि ऑनलाइन साधनांसाठी असेच एक पानी विवरण हवे. त्यात असाव्यात एवढ्याच गोष्टी: रुपयांतला एकूण मासिक खर्च, करांसह, आणि दर वाढवण्यापूर्वी द्यायच्या सूचनेची मुदत, महिन्याला किती मिनिटे सेवा बंद राहू शकते आणि त्याची भरपाई रुपयांत किती, माहिती आणि बॅकअप कोणत्या शहरांत, कोणाच्या सर्व्हरवर, लॉग किती दिवस, माहिती फुटल्यास किती तासांत कळवणार, वाद कोणत्या शहरात चालणार, आणि सोडताना माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळणार. विवरण इंग्रजीसोबत हिंदीत, मराठीत आणि इतर भारतीय भाषांत असावे.

सुरुवात मंत्रालयाच्या यादीतल्या कंपन्यांपासून करता येईल. सरकारी कामाच्या यादीत राहायचे असेल तर लघुउद्योगांना हे विवरण द्या, एवढी एक अट पुरेशी आहे. मोठ्यांनी दिले की बाकीच्यांना द्यावेच लागेल.

तोवर राजधानी परिसरातल्या आणि महाराष्ट्रातल्या धंदेवाल्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. फुकट वापराच्या महिन्यातच एकदा सगळी माहिती बाहेर काढून बघावी आणि ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का हे आपल्या हिशेबनिसाला तपासायला सांगावे. उघडली नाही तर ती सेवा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मुख्य खाते कंपनीच्या मालकाच्या नावावर ठेवावे, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या नावावर नको. वार्षिक सवलतीच्या मोहाने पहिल्याच वर्षी तीन वर्षांचे पैसे भरू नयेत. आणि आठवड्यातून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा निदान कपाटातल्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

महोदय, विवरणाचा मसुदा करायला लागणारे ज्ञान आपल्या कार्यालयात आहे, तपासणारी एसटीक्यूसी आपली आहे, घटनांची नोंद ठेवणारी सर्ट-इन आपली आहे. वैयक्तिक माहिती कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्याआधी हे विवरण लघुउद्योजकांच्या हाती पडावे, आणि त्याचा मसुदा मंत्रालयाने लवकरात लवकर सूचना-हरकतींसाठी जाहीर करावा, ही कळकळीची विनंती.

कळावे.